मी म्हणाले, ‘हव’

सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यांकडून वारा सुटला की जळक्या लोखंडाचा वास घरभर होतो आणि माझी पाठ ताठ होते. लग्नाआधी मी तिकडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होते आणि रोज सकाळी भाऊ मला मोटरसायकलवर सोडायचा. गाडीचे आरसे त्यानं हौसेनं काढून टाकले होते. मी बोलले तर हसायचा, "तू आहे ना मागं, मले आरसा कायले पाहिजे?" त्या दिवशी वळणाजवळ त्यानं नेहमीसारखं विचारलं, "मागून काही येऊन नाही राहिलं ना?" मागून ट्रक येत होता. मी म्हणाले, "हव." हो, येऊन राहिलं, असं मला म्हणायचं होतं. त्यानं ऐकलं, हो, काही नाही, आणि गाडी उजवीकडे घातली. मी कडेच्या काळ्या धुळीत फेकली गेले; तो ट्रकखाली गेला. घरी सगळ्यांनी ट्रकवाल्याला शिव्या घातल्या. मीही घातल्या. आता मुलगी मला स्कूटीवर नेते. वळताना विचारते, "मम्मी, पीछे से कुछ आ तो नहीं रहा ना?" मी पूर्ण मागं वळून पाहते. रस्ता मोकळा असतो. तरी तोंडातून एकच शब्द निघतो, "थांब."