होडीचा वाटा

माझे पती गेले आणि बोईसरचा आमचा कारखाना बंद पडला. मी घिवलीला बहिणीकडे राहायला आले.

तिथे किनाऱ्यावर रोज सकाळी एक कोळीण नवऱ्याच्या होडीतल्या मासळीचे वाटे लावताना दिसायची. प्रत्येक खलाशाला एक वाटा आणि होडीच्या दुरुस्तीसाठी एक वाटा होडीला. वाळूत गुडघे रोवून, कुणाकडे न बघता ती वाटे लावायची.

एकदा नवऱ्याने होडीच्या वाट्यातलं पापलेट उचललं. “पावना आलाय गो.”

“ठेव ते. पावन्याला आपल्या वाट्यातलं घाल. होडी काय तोंडानं मागनार हाय?”

“ही माजी बायको नाय, होडीची सासू हाय,” तो खलाशांना म्हणाला आणि हसत हसत त्याने पापलेट परत ठेवलं.

त्या हसण्याचा मला हेवा वाटला. अजूनही वाटतो. आमच्याकडे यंत्रांच्या दुरुस्तीचे पैसे दिरांच्या लग्नांत जात. मीही तेव्हा “ठेवा ते” म्हणत असे. हे ताट सरकवून उठत. पुढे एकेक यंत्र थांबत गेलं.

आता कारखान्याच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. मी नाही म्हटलं, तर ताट सरकवून उठणारं कोणी नाही.