वळण थरांचं की थर्मामीटरचं?

प्रयोग जमला की बाईंचा चेहरा उतरायचा. सांगलीच्या कॉलेजात त्या आम्हाला एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवायच्या. मूळच्या माण तालुक्यातल्या, मेंढपाळ घरातल्या. वर्गात पुस्तकी बोलत, प्रयोगशाळेत गावाकडची बोली. "लय झ्याक आलंय रं. कुटंतरी चुकलंय."

नायोबियम आणि तांब्याचे अतिशय पातळ थर त्या एकावर एक चढवत. खूप थंड केले की त्यांतून वीज कसलाही विरोध न होता वाहते. चुंबकाचा जोर वाढवत नेला की ती अवस्था मोडते. कुठल्या तापमानाला ती कुठवर टिकते, हे आम्ही मोजत होतो. यंत्र थंड होत असताना बाई कंप्रेसरवर तळहात ठेवून उभ्या राहायच्या, तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. दिवा जरा मिणमिणला की वीज जाईल या धास्तीनं सगळे वर बघायचे.

एकदा आलेखाची रेघ मध्येच झपकन वर वळली. याचा अर्थ, त्या वळणाच्या तापमानाहून जास्त थंडीत थर एकमेकांची साथ सोडून एकेकटे चुंबकाशी झुंजत होते. त्यावरचा बाईंचा शोधनिबंध स्वीकारला गेला. बाईंची कंत्राटी नेमणूक पुढे चालणं त्यावरच अवलंबून होतं. माझं लहानपण वडिलांच्या कामगार संघटनेची पत्रकं वाटण्यात गेलेलं. मी उसळून म्हणालो, "बाई, ऊब असली की एकजूट, गारठा पडला की फाटाफूट! यावर पत्रकच काढतो."

"पत्रक मागनं काड. आदी सांग, वळण थरांचं की थर्मामीटरचं?"

चुंबकाजवळ आमचा थर्मामीटर चुकीचं तापमान दाखवत असेल, या शंकेनं त्यांची झोप उडाली. विभागप्रमुख म्हणाले, "आधी छापून तर येऊ द्या."

"आवं, छापल्यावर खोटं खरं हुतं व्हय?"

चुंबकाला न बधणारा थर्मामीटर त्यांनी पुण्याहून उसना आणला, डब्यात कापूस घालून, मांडीवर धरून. साताऱ्यात एसटी बंद पडली, तेव्हाही डबा खाली ठेवला नाही म्हणे.

पुन्हा मोजलं. रेघ निमूट पुढे गेली. वळण नव्हतंच. त्याच दुपारी बाईंनी निबंध मागे घेतला.

"बाई, नोकरी?"

"भ्या वाटतंयच की रं," म्हणाल्या आणि उसना थर्मामीटर पुन्हा कापसात गुंडाळू लागल्या.

नेमणूक पुढे चालली नाही. खरं बोलण्याची हीच शिक्षा असेल, तर विद्यापीठं हवीत कशाला? गावी परतायला दहिवडीच्या गाडीत चढताना माझा चेहरा त्यांनी वाचला. "माझ्यावर पत्रक काडू नगंस. यंत्र झाकून ठेव, धूळ बसंल."

आता मी पत्रकंच लिहितो. एखादं वाक्य हमखास टाळ्या घेणारं उतरलं की छपाईला गेलेला मजकूर मी पुन्हा तपासायला परत मागवतो. सोबती वैतागतात. "अरे, झकास आहे की!"

"म्हणूनच," मी म्हणतो.