लाकडाला हात लावून लवळ्याला

पुण्याहून लवळ्याला मुलगी पाहायला निघालो तेव्हा माझ्याजवळ नवी टोपी, पावशेर पेढे आणि एक इंग्रजी वाक्प्रचार एवढंच होतं. आमचे हेडक्लार्क काही चांगलं बोलले की टेबलाला बोट लावून 'टच वुड' म्हणत. बढती मिळाल्यापासून मीही म्हणू लागलो होतो. दोन ठिकाणांहून नकार आले होते. तिसरा आला असता तर आईने अंथरूणच धरलं असतं.

मोटार पौडच्या रस्त्याला लागली. "अजून बंद पडली नाही, टच वुड," असं शेजारच्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याला म्हणत मी बाकाला हात लावला.

"ह्ये काय केलं?"

"चांगलं बोललं की दृष्ट लागू नये म्हणून लाकडाला हात लावतात."

"पन बाक तर पत्र्याचा हाय!"

तेवढ्यात चाक पंक्चर झालं. सगळी मोटार माझ्याकडे रागाने पाहू लागली.

चाक बदलून झाल्यावर पिरंगुटला उतरून पायवाट धरली, तर म्हातारा मागोमाग. मुलीच्या घरी पोचल्यावर कळलं, तो तिचा मामा!

ओसरीवर तांदळाची भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी आली. चटणीने डोळ्यांत पाणी आणलं, तरी मी दोनदा मागून घेतली.

"आमची यमुना कामाला लई चपळ हाय," मुलीचे वडील म्हणाले.

"लाकूड!" मामा ओरडले. वडिलांनी दचकून शेजारचा बाभळीचा नांगर धरला.

"बाभळीवर भूत बसतंय. उंबर धरा," मामा म्हणाले.

"उंबरात देव हाय. त्याला सारखं कशापायी उठवायचं?"

"मग साग?"

"साग सरकारी. फॉरेस्टवाला धरंल!"

"साहेब लोक कुठलंही चालवून घेतात," मी चाचरत म्हणालो.

"म्हनून तर त्यांचं राज्य गेलं," मामा म्हणाले.

या वादात मुलगी पाहायचं राहूनच गेलं. यमुना मघापासून दाराशी उभी होती. हसू दाबून तिचा चेहरा लाल झाला होता. मला ती फार आवडली.

"मग, पसंत हाय का?" वडिलांनी विचारलं.

"पसंत आहे," मी म्हणालो. तिला मात्र कुणीच काही विचारलं नाही. पण मान खाली घालून तिने दाराच्या चौकटीला हळूच बोट टेकवलं.

इतके दिवस मी ते शब्द साहेबी ऐटीत उच्चारत होतो. त्यांचा खरा उपयोग मला त्या बोटाने शिकवला. परतताना मोटार पुण्यापर्यंत एकदाही बंद पडली नाही. मी मात्र तसं कुणाला बोलून दाखवलं नाही.