खडूच्या उतारावरची वाइन

आमच्या वायनरीत वाइनपेक्षा किस्से लवकर तयार होतात! फेसाळत्या वाइनची बाटली तळघरात वर्षानुवर्षं पडून राहते. किस्स्याला एक फ्रेंच माणूस पुरतो. तो म्हणजे आमचा एतिएन. इंग्लंडात केंटच्या टेकडीवर तो वाइन बनवतो, आणि मी क्रॉयडनहून ट्रेन पकडून येते ती वेली छाटायला, टाक्या घासायला, पडेल ते करायला. माझं इंग्रजी मोडकं, त्याचं त्याहून मोडकं. म्हणून तर आमचं झकास जमतं!

*

पहिल्याच दिवशी त्याने मळ्यातला पांढरा खडा उचलून माझ्या हातावर ठेवला. "चाट!"

"अरे बाबा, या वयात मला डोहाळे लागलेत का?"

तर तो स्वतःच चाटायला लागला! म्हणे, वरचा उतार खडूचा, खालचा चिकणमातीचा. द्राक्ष एकच, पण वाइन वेगवेगळी. माती, ऊन, वारा, सगळं घोटात उतरलं पाहिजे. याला ते लोक 'तेर्वार' म्हणतात.

मी चाटला. "मीठ कमी आहे," म्हटलं.

"शाब्बास ताई! मळ्याच्या मालकांनी अजून या मातीला हातसुद्धा लावला नाही!"

*

एकदा डब्यात ठेचा नेला. झाकण उघडलं मात्र, एतिएन ओरडत आला, "बाहेर! बाहेर! वाइनची पीपं वास धरतात!"

भर पावसात कारपार्कमध्ये बसून जेवले. शिव्या मराठीत घातल्या, त्याला कळल्या बरोबर!

दुसऱ्या आठवड्यात बघते तर हा छत्री आणि पाव घेऊन माझ्याआधी कारपार्कमध्ये हजर.

"काय रे, आता वास नाही येत?"

"पीपं आत आहेत, ताई. मी बाहेर आहे!"

*

एप्रिलमध्ये कळ्या फुटतात आणि नेमकी तेव्हाच थंडी पडते. एक रात्र गारठली की वर्ष गेलं. म्हणून कळ्यांना ऊब द्यायला पहाटे वेलींच्या रांगांमधून मोठमोठ्या मेणबत्त्या लावतात. काय दिसतं ते! दिवाळीच! शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं, मळा पेटला. त्याने फायर ब्रिगेड बोलावली.

बंब आला, पाइप निघाले. मी आडवी आले. "खबरदार पाणी माराल तर! काड्यापेटी घ्या, ती खालची रांग राहिलीय!"

आग विझवायला आलेले आग लावत सुटले!

*

मालक लंडनचे, सूटवाले. दरवर्षी त्यांचा एकच हुकूम: दोन्ही उतारांचा रस एकत्र करा आणि फेसाळती बनवा. "गिऱ्हाइकाला दरवर्षी तीच चव लागते."

एतिएन भडकला. "गेल्या वर्षी पाऊस, यंदा ऊन! तीच चव कुठून आणू? खोटं बोलू?"

"थोडी साखर घाल."

"मग लेमोनेड विका!"

मी टाळ्या पिटल्या. मालकांनी डोळे वटारले, तशी मी म्हटलं, "बघता काय? बरोबर बोलतोय तो!"

*

यंदा खरंच ऊन तापलं, तशी एतिएनने खडूच्या उताराची वाइन वेगळी काढली. साधी, बिनफेसाची. "बुडबुडे नाहीत, ताई. दोष लपायला जागाच नाही!"

मालक म्हणाले, "चाखतो. पटली नाही तर सगळी एका टाकीत."

"मग मी फ्रान्सला परत," एतिएन म्हणाला. बॅग भरून आणली होती मेल्याने!

आता वाइन चाखणारी माणसं गिळत नाहीत. तोंडात खळखळवायची आणि बादलीत थुंकायची. बादली माझ्या हातात. मालक या कामात पक्के, आजवर एक घोट पोटात गेलेला नाही.

पहिली चाखली, नमुन्यापुरती दोन्ही उतार मिसळलेली. थू! दुसरी, गेल्या वर्षीची फेसाळती. थू! तिसरी खडूच्या उताराची. एतिएन भिंतीकडे तोंड करून उभा.

मालकांचे गाल हलायचे थांबले. मी बादली पार हनुवटीखाली नेली. "थुंका की!"

त्यांनी कोपराने बादली बाजूला सारली. गळा हलला. मग रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला.

भिंतीकडून आवाज आला, "ताई, थुंकले का?"

"इकडे वळ मेल्या, आणि बाटली आण!"