बेअरिंगवरचा अक्षतेचा दाणा

आमच्या मराठी मंडळात पाहुण्यांचा परिचय करून द्यायचा असला की मला बोलावतात. ह्यात माझ्या वक्तृत्वाचं कौतुक कमी आणि ‘ह्याच्याकडे वेळ असतो’ हा समज जास्त. एकदा एका गायकांचा परिचय मी इतक्या प्रेमानं दिला की हॉलची वेळ संपत आली आणि त्यांना एक राग गाळावा लागला. तरी मला पुन्हा बोलावतात. माणसं चांगली आहेत.

त्यामुळे आमच्या कारखान्यात जेव्हा विचारलं गेलं की इटलीहून येणाऱ्या मोठ्या साहेबांचं स्वागत कोण करील, तेव्हा माझा हात मला न विचारताच वर गेला.

कारखाना ह्यूस्टनजवळ, शुगर लँडच्या आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. रिफायनरीत लागतात ते खोलीएवढे पंप आम्ही बनवतो. दोन वर्षांपूर्वी एका इटालियन उद्योगसमूहानं आम्हाला विकत घेतलं आणि त्या समूहाचा सर्वोच्च माणूस पहिल्यांदाच येणार होता. बुडती फॅक्टरी वर काढणारा म्हणून त्याचं नाव होतं आणि चालती बंद करणारा म्हणूनही होतं. तो सकाळी आत शिरला की संध्याकाळपर्यंत त्या जागेचं भविष्य त्याच्या मनात पक्कं झालेलं असतं, असं लोक सांगायचे.

आमच्या टेस्टिंग विभागाला त्याची जास्त धास्ती. गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी प्रत्येक पंप आम्ही चालवून बघतो. हे काम इटलीला हलवायचं अशी कुजबुज होती. विभागात चौदा जण आणि मी त्यांचा प्रमुख. पंपांचा आवाज ऐकण्यापलीकडे मला फारसं काही येत नाही, आणि चोपन्नाव्या वर्षी ‘पंप ऐकणारा पाहिजे’ अशी जाहिरात कुणी देत नाही.

बायको म्हणाली, “परिचय शॉर्ट ठेव रे. नाहीतर त्यांना वाटेल, ह्या माणसाला कामच नाहीये. मग डिपार्टमेंट बंद करायला त्यांना काहीच वाटणार नाही.”

मी मुकाट्यानं तीन पानांचं दीड पान केलं.

साहेब येणार होते नेमके दसऱ्याला. म्हणजे आदल्या दिवशी खंडेनवमी. दरवर्षी मी त्या दिवशी ऑफिसात गुपचूप माझ्या कंपन मोजायच्या मीटरला कुंकू लावतो. ह्या वेळी सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न होता, तेव्हा मीटरवर भागवणं बरं दिसेना. दुसऱ्या दिवशी ज्या पंपाची चाचणी साहेबांना दाखवायची होती, त्याचीच पूजा करायचं ठरवलं. घरून डबीत हळद-कुंकू आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता नेल्या, अंगणातली दोन झेंडूची फुलं नेली.

आमचा सीनियर टेक्निशियन अस्सल टेक्सासचा, पांढऱ्या दाढीचा, माझ्याबरोबर नऊ वर्षं काम केलेला. त्यानं डबीत डोकावून विचारलं, “हे काय, साल्सा?” म्हणजे इथली टोमॅटोची तिखट चटणी.

“आज आमच्याकडे यंत्रांना थँक यू म्हणतात.”

“मग माझ्या वतीनंही म्हण,” असं म्हणून त्यानं टोपी काढली.

मी बेअरिंगच्या घरावर, म्हणजे त्याच्या बाहेरच्या लोखंडी खोक्यावर, हळद-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, फुलं ठेवली, डोळे मिटले. देवाकडे नेमकं काय मागायचं ह्याचा मसुदा मनात होईपर्यंत जिन्यावर मॅनेजरचा आवाज आला. मी घाईघाईनं फुलं खिशात कोंबली, बेअरिंगवरून रुमाल फिरवला.

“क्लीन?” टेक्निशियननं विचारलं. तिथे काही बसवण्याआधी तो हे विचारतोच.

“क्लीन,” मी न बघता म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मला वाटलं होतं कुणीतरी भारदस्त असेल. हा बुटका, करड्या जाकिटातला, सत्तरीकडे झुकलेला माणूस. हात पाठीमागे बांधून चालणारा. त्याच्याबरोबर आलेले इटालियन त्याला नावानं हाक मारत नव्हते, नुसतं ‘इंजिनिअर’ म्हणत होते. आपल्याकडे ‘डॉक्टर’ म्हणतात तसं, किंचित झुकून.

मी कागद काढला. “आपण एका प्रचंड फाउंड्रीचे प्रमुख झालात, तिथून आपल्या देदीप्यमान कारकिर्दीला...” देदीप्यमानला इंग्रजीत जो काही शब्द मी वापरला होता, तो ऐकून टेक्निशियननं बुटांकडे पाहिलं. मग ब्राझीलचा कारखाना आला, भारतातला अनुभव आला, समूहाचं अध्यक्षपद आलं. साहेबांनी हात वर केला.

“तुम्ही मधूनच सुरू केलंत,” ते म्हणाले. “माझी पहिली नोकरी तुमच्या कागदावर नाही. सोळाव्या वर्षी मी आमच्या गावच्या पंपाच्या वर्कशॉपमध्ये लागलो. लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस झाडायचो. दोन वर्षं तेच केलं. शेवटी शेवटी नुसता कीस बघून मला कळायचं, कुठल्या लेथचं हत्यार बोथट झालंय. रात्रशाळा, पदवी, बाकीचं सगळं नंतर.” आणि घड्याळाकडे न बघता म्हणाले, “पंप चालू करू या का?”

पंप सुरू झाला. मिनिटभर छान चालला. मग पडद्यावर कंपनाचा आकडा वर सरकायला लागला, पिवळा झाला, लाल झाला आणि पंप आपोआप बंद पडला. दुसऱ्यांदा लावला. तेच.

चौदा जणांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी गप्प बसावं हे मला कळतं, पण तोंडाला कळत नाही. मी फाउंडेशनवर बोललो. पाइपांवर बोललो. पाण्याच्या तापमानावर बोललो. शेवटी ह्यूस्टनच्या जमिनीतली चिकणमाती कशी उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, इथपर्यंत पोचलो. साहेबांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि टेक्निशियनकडे वळून एक लांब स्क्रूड्रायव्हर मागितला.

“पुन्हा चालू करा.”

त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटले. पंप बंद पडण्याआधी मिळाली ती जेमतेम मिनिटभराची संधी. एवढा मोठा उद्योगसमूह चालवणारा माणूस वाकून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की कुणी पायसुद्धा हलवला नाही. मी इतकी वर्षं पंप ऐकतोय असं समजत होतो. मी पडदे बघत होतो. ऐकत हा माणूस होता.

पंप थांबला. “पंप ठणठणीत आहे,” ते म्हणाले. “ऐकणाऱ्याला काहीतरी झालंय.”

कंपन मोजणारा आमचा सेन्सर सुपारीएवढा असतो, लोहचुंबकानं बेअरिंगला चिकटवलेला. त्यांनी तो खुडावा तसा काढला. खालच्या धातूवरून तर्जनी फिरवली, अगदी हळू. बोट एका जागी थांबलं. उचललं तेव्हा टोकावर एक दाणा होता. तांबडा, अर्धा चिरडलेला. त्याच्यावर सेन्सर डुगडुगत बसला होता आणि पंपाच्या नावानं बोंब मारत होता.

“हे कुणाचं?”

टेक्निशियन छताकडे बघायला लागला. त्याला सगळं ठाऊक होतं, तरी मरेपर्यंत तो सांगणार नव्हता. इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आदल्या दिवशी त्यानं डब्यात बरिटो, म्हणजे मेक्सिकन पोळीची गुंडाळी, आणला होता, त्यात लाल भात होता, हे मला त्या क्षणी लख्ख आठवलं. वापरलं नाही. पण आठवलं.

“माझं,” मी म्हणालो. “काल आमच्याकडे...”

“खंडेनवमी,” साहेब म्हणाले.

‘ड’ जरा घसरला, पण शब्द तोच. टेक्सासमध्ये, एका इटालियन माणसाच्या तोंडून. माझ्या हातातला कागद खाली आला. ‘भारतातील अनुभव’ ह्या दोन शब्दांत मी जे उरकलं होतं, ती पुण्याजवळच्या कारखान्यातली तीन वर्षं होती. परिचय शॉर्ट करताना मी नेमकी तीच कापली होती.

“पहिल्या वर्षी मी त्या दिवशी मशिनं चालू ठेवायला लावली,” ते सांगायला लागले, सगळ्यांना नव्हे, मला. “कुणी भांडलं नाही. काम चोख झालं. फक्त दिवसभर माझ्या डोळ्याला कुणी डोळा दिला नाही. दुसऱ्या वर्षी मी सकाळीच सगळं बंद केलं आणि रांगेत उभा राहिलो. एका म्हाताऱ्या टर्नरनं मशिनला कुंकू लावलं, मलाही लावलं. पुढच्या पाळीला मशिन सुरू करायच्या आधी त्यानं सुती फडकं घेतलं आणि अर्धा तास ते पुसलं. सगळ्या खाचा, सगळे कोपरे. मी विचारलं, आता हे काय? तो म्हणाला...” आणि साहेब मराठीत म्हणाले, “पुसून घ्यायचं, साहेब. पूजा संपली नाही अजून.”

एवढं म्हणून त्यांनी जाकिटातून स्वतःचा रुमाल काढला आणि माझ्या हातात दिला.

मी पुसलं. सगळ्यांसमोर, नखानं खाचा कोरून. सेन्सर बसवला. पंप चार तास चालला, आकडा जागचा हलला नाही. साहेब चारही तास तिथेच स्टुलावर बसून होते. जाताना त्यांनी चाचणीचा रिपोर्ट मागवला.

“आधी तीनदा बंद पडला त्याचं कारण लिहा.”

“हा गिऱ्हाइकाकडे जाईल,” मी म्हणालो.

“म्हणूनच.”

मी ‘बाह्य पदार्थ’ असं लिहिलं. त्यांनी ते खोडलं आणि कागद परत दिला. मग मी लिहिलं: ‘सेन्सरखाली तांदळाचा एक दाणा. ठेवणारा आणि नीट न पुसणारा, मी.’ खाली सही केली. माझ्या नोकरीतलं एवढं छोटं आणि एवढं जड वाक्य दुसरं नाही. विभागाबद्दल ते अवाक्षर न बोलता गाडीत बसले.

त्यानंतरचे तीन आठवडे बायकोनं मला एकही टोमणा मारला नाही, ह्यावरून परिस्थितीची कल्पना यावी. मग इटलीहून दोन ओळींची मेल आली. टेस्टिंग तिथेच राहील. चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवा.

कुठली ओळ, ते लिहिलं नव्हतं.

आता चाचणीआधी टेक्निशियन चेकलिस्टची फळी हातात घेऊन सगळे प्रश्न मोठ्यानं वाचतो. तेल, पाणी, बोल्ट. शेवटचा प्रश्न तो जरा ताणून, मजा घेत विचारतो, मार्च असो की जुलै: “राईस?”

मी आधी बेअरिंगवरून बोट फिरवतो. मग म्हणतो, “क्लीन.”