गयावहिनींची अक्षरं

तुळशीरामभाऊ गेल्याचा निरोप मानोऱ्याला माझ्या शाळेत आला, तेव्हा मी फळ्यावर बेरजा लिहीत होतो. पोहरादेवीच्या यात्रेचे दिवस. निम्म्या एसट्या तिकडे लागलेल्या, उरलेल्यांत पाय ठेवायला जागा नाही. भाऊंच्या गावी, किन्हीराजाला, पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. अंगणात बसलेल्या गयावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, मान वर करून मला विचारलं, "गुर्जी, आता मी कोणाले लिहू?" शेजारच्या बायकांना वाटलं, दुःखानं काहीबाही बोलते आहे. मला त्या प्रश्नाचा अर्थ ठाऊक होता. त्याला आज दीड महिना झाला.

भाऊ फौजेतले. कोरियातली लढाई थांबल्यावर तिथल्या युद्धकैद्यांवर देखरेख करायला आपली माणसं गेली, त्यांत हे होते. काटेरी तारेपलीकडच्या एका कैद्यानं मातीत काडीनं रेघा ओढून त्यांना तिथली लिपी शिकवली. भाषा काही त्यांना शेवटपर्यंत आली नाही. दहा-बारा शब्द, तेही खाण्यापिण्याचे. लिपी मात्र पक्की बसली. मी किन्हीराजाला मास्तर होतो तेव्हा शाळा सुटल्यावर ते व्हरांड्यात येऊन बसायचे आणि मलाच शिकवायला लागायचे. "न म्हणताना जीभ वर टेकते ना गुर्जी, मंग ते अक्षर बी तसंच वाकडं. म म्हणजे तोंड, त्याचा चौकोन. उभी रेघ म्हणजे माणूस, आडवी म्हणजे जमीन. स्वर सारे त्याच्यातूनच निंगतात. अन् अक्षरं एका रांगेत नाही ठेवत, एका खोलीत दोघं-तिघं राह्यतात तशी बसवतात." सगळी मिळून दोन डझन, जोडाक्षरांची कटकट नाही. मग आवाज उतरवून म्हणायचे, "हे कोणं केलं? एका राजानं, पाचशे वर्सामांगं. काहून, तं गरिबाले लिवता यावं म्हणून. पंडितायनं नाकं मुरडली, तरी केलं." त्यांच्या आज्याला आपल्याकडे कुणी अक्षराजवळ फिरकू दिलं नव्हतं.

वहिनी माझ्या प्रौढवर्गात दोन हिवाळे बसल्या. 'अ' गिरवायला घेतला की पाटी पालथी घालायच्या. लहानपणी शाळेच्या पायरीवरून त्यांना रूळ उगारून हाकललं होतं. मला ते माहीत होतं, तरी एका संध्याकाळी सगळ्यांदेखत मी चिडलो. त्या पुन्हा आल्या नाहीत. ती लाज माझी आहे.

मग भाऊंनी त्यांना ती कोरियातली अक्षरं शिकवली, आणि कशासाठी, तर मराठी लिहायला! ण आणि ळ तिथं नाहीतच, तर ठिपके देऊन भागवलं. पंधरा दिवसांत बाई लिहायला लागल्या. मी हसलो. "भाऊ, काखेत कळसा अन् गावाले वळसा! हे वाचणार कोण?"

"मी हाओ ना," भाऊ म्हणाले.

चुलीजवळून वहिनी बोलल्या, "गुर्जी, या अक्षरायनं मले कधी हाकललं नाही." मी चहा घेतला आणि घरी आलो.

भीती मोडली की आपली मराठी अक्षरं घेऊ, असा भाऊंचा बेत होता. मधेच ते राखणदारीला अकोल्याला गेले आणि नवरा-बायकोची पत्रं सुरू झाली. पाकिटावरचा पत्ता मी लिहून द्यायचो, आतलं मला कळत नसे. "दोन दिसात येते, शिकून घ्या," असं भाऊ कितीदा म्हणाले... पण माझ्या वर्गात नापास झालेल्या बाईच्या मागं बसून मी अक्षरं गिरवायची? मास्तरकीचा ताठा, दुसरं काय! आणि भाऊ परत आले ते छातीचं दुखणं घेऊनच. बेत राहिला तो राहिलाच.

गेल्या आठवड्यात पेन्शनच्या कागदांसाठी वहिनींबरोबर कचेरीत गेलो. त्यांनी पेन मागून घेतलं आणि सावकाश, जपून नाव लिहिलं. कारकून भला माणूस होता. त्यानं कागद फिरवून फिरवून पाहिला. मी म्हटलं, "साहेब, यांना लिहिता येतं."

"येत असंल, पण साक्षीदाराले वाचता आलं पाह्यजे. तुमी मास्तर हा. यातला 'ग' कोणता, तेवढं दाखवा, मी घेतो."

माझं बोट कागदावर फिरलं आणि थांबलं. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. मग त्यांनीच शाईची डबी पुढे ओढली आणि अंगठा टेकवला.

घरी आल्यावर त्यांनी तो राखेनं घासला, डाग गेला नाही. दाराच्या आत भाऊंनी खडूनं त्याच अक्षरांत लिहिलेल्या दोन ओळी आहेत, यात्रेच्या आदल्या दिवशीच्या, त्यांच्या शेवटच्या. तिथली भिंत त्या सारवत नाहीत. काय लिहिलं आहे, मी विचारलं.

"मडक्यात पाणी भरलं. तू वाकू नोको."

अंगठा पदरात दडवून वहिनींनी ते मला दोनदा वाचून दाखवलं.