तिकडे गेल्यावर दाखवू

मावशी गेल्याचं मला माझ्या मुलीनं फोनवर सांगितलं, इंग्रजीत. "आई, मावशीआजी इज नॉट वेकिंग अप." मी ऑफिसातून इथे अमेरिकेत, एडिसनला घरी पोचले तेव्हा अँब्युलन्स दारात उभी होती. ती मी आदल्या आठवड्यातच बोलवायला हवी होती...

आई लवकर गेली, मावशीनंच मला वाढवलं. दर उन्हाळ्यात ती पुण्याहून माझ्याकडे यायची. तिच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती. पुण्यात काकांच्या सरकारी नोकरीमुळे मिळालेल्या कार्डावर तिचे उपचार व्हायचे. इकडे प्रवासी विमा होता, पण जुनं दुखणं त्यात बसत नव्हतं. म्हणून तिला धाप लागली की आमचं ठरलेलं वाक्य, "तिकडे गेल्यावर दाखवू." तोवर पुण्याहून येणारं कुणीतरी बॅगेतून तिच्या गोळ्या आणायचं, आणि त्या बिस्किटांच्या निळ्या डब्यात पडायच्या.

मागच्या हिवाळ्यात मी पुण्यात होते. रजा संपत आलेली, म्हणून ओळख काढून तपासणीसाठी तिचा नंबर पुढे घेतला. बाकावर पहाटेपासून धापा टाकत बसलेल्या एका बाईला "उद्या या" सांगण्यात आलं. रिक्षात मावशी म्हणाली, "तिला कुठे विमान पकडायचंय? येईल बिचारी उद्या." मी फोनमध्ये बघत राहिले.

या खेपेला धाप वाढली तेव्हा म्हटलं, तुझं परतीचं तिकीट अलीकडे आणू.

"आणि परत कुणाला उठवू बाकावरून? इथेच दाखव ना गं मला."

तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. इमर्जन्सीत आलेला माणूस कुठल्याही देशाचा असो, त्याला तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही, हा इथला कायदा मला माहीत होता. मी बिलाला घाबरले. "दोन दिवस बघू," म्हणत डब्यातली गोळी दिली. भेटायला आलेल्यांना मी सांगत राहिले, तिलाच हॉस्पिटल नको होतं. खोटं आहे ते.

परवा समोरचा नितीन पुण्याहून परतला, मी मागे सांगून ठेवलेल्या तिच्या गोळ्या घेऊन. फेकवेनात. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, कुणाला हव्यात का? चहा उकळेपर्यंत उत्तरं. "माझ्या सासऱ्यांना." "आईला चालतील, त्याच पॉवरच्या आहेत का?" "ताई, आमच्यासाठी ठेवा, बाबांच्या संपल्यात."

संध्याकाळी ते शेवटचं उत्तर देणारी मुलगी आली. मी अख्खा डबा तिच्या पिशवीत रिकामा केला. जाताना म्हणाली, "थँक्स हं. बाबांना जरा धाप लागतेय. पण पुढच्या महिन्यात तिकडे गेल्यावर दाखवणारच आहोत."

मी मान हलवली. "आजच ने" हे शब्द दार लावल्यावर आले.

रिकामा डबा पुसून परत फळीवर ठेवला.